लेटिशियाच्या कबरीशेजारी

११ मार्च

नकाशा आला. स्कॅन करून पाठवलाय, घड्यांच्या रेषांसकट. व्हिक्टोरियन काळातल्या गाइडबुकच्या शेवटच्या पानाला चिकटवलेला असतो तसा, उलगडला की टेबलभर. बोटीने येणाऱ्या हौशी प्रवाशांसाठी. कुठे उतरायचं, घोडागाडी कुठून मिळते, हॉटेलातल्या खोल्या कोरड्या आहेत का. एका इंग्रज बाईंनी या दरीत एक हिवाळा काढून कादंबरी लिहिली, ती लंडनला एवढी गाजली की लोक न्यूझीलंडपर्यंत बोटीत बसून ती जागा बघायला यायला लागले.

खरं आणि कादंबरीतलं, सगळं एकाच ठशाच्या अक्षरांत. नदी, पूल, चर्च, हॉटेल. त्यांच्याच शेजारी ‘लेटिशियाची झोपडी’, ‘लेटिशिया वादळात सापडली तो कडा’ आणि मोठा क्रॉस काढून ‘लेटिशियाची कबर’. ही बाई कधी जन्मलेलीच नाही. कबर मात्र आजही आहे म्हणे. लोक शोधत यायचे म्हणून हॉटेलवाल्याने बांधून टाकली.

मला फार आवडला नकाशा. खोटं का बोलू.

काम असं: हा आजच्या जमिनीवर बसवायचा. कादंबरीवर आता मालिका येतेय, गर्दी होणार, म्हणून तिकडच्या कौन्सिलला फोनवर बघता येईल अशी जुनी पायवाट हवी आणि मोठं कारपार्क हवं. आमचा लेअर, म्हणजे आजच्या नकाशावर चढवलेला हा जुना थर, दोन्ही कामांना जाणार. ऑफिसातले माझे वरिष्ठ निनाद सर म्हणाले, “साधं आहे म्हणून तुला देतोय. एकटीने कर. फाइलवर तुझं नाव लागेल. आणि सर म्हणू नकोस गं, इथे पंतप्रधानांनाही नावाने हाक मारतात.” बरं. आजपासून डायरीत नुसता नि.

पप्पांना फोनवर सांगितलं. “नकाशावर तुझं नाव?” नकाशावर नाही पप्पा, फाइलवर. ते त्यांनी ऐकलंच नाही. आईला ओरडून सांगत होते.

१४ मार्च

कादंबरी लायब्ररीतून आणली. घरून, ओटाहुहूहून, ऑफिसला माउंट वेलिंग्टनला ट्रेन फार लवकर पोचते, एक प्रकरणही होत नाही. रेखावहिनी म्हणतात, “एवढं काय डोकं घालून बसलीस, परीक्षा आहे का?” वहिनींच्या मागच्या खोलीत राहते मी. त्यांची रिया नववीत आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. “शी डाइज अ‍ॅट द एंड, ताई. इट्स ऑन द पोस्टर.”

मरतेच. पण मी दुसरंच शोधत होते. माओरी माणसं आहेत कादंबरीत, नावं नाहीत. ‘वृद्ध सरदार’, ‘नाव वल्हवणारा’. एका ठिकाणी लेटिशिया वाट चुकते आणि पाणी घेऊन येणाऱ्या एका मुलीला विचारते, गावाकडे कसं जायचं. मुलीने काय सांगितलं ते लिहिलेलं नाही. पुढच्या ओळीत लेटिशिया बरोबर वाटेला लागलेली आहे.

२० मार्च

बसत नाहीये.

न हललेल्या गोष्टी धरून खुंट्या मारल्या: चर्च, पुलाचा जुना खांब, टेकडीवरची मोजणीची खूण, हॉटेलचा कोपरा. पश्चिमेकडचा काठ सुरेख बसतो. पूर्वेकडचं सगळं घसरतं. आज लक्षात आलं का ते. खाली उजवीकडे शीर्षकाची भलीमोठी चौकट आहे, नेचे, शंख, भाला घेतलेला माणूस. तिला जागा हवी म्हणून नदी ओढून वर घेतलीय. आणि हॉटेलच्या मागे ‘लेटिशियाची कबर’ एवढ्या मोठ्या अक्षरांत की तिथे दुसरं काही मावणारच नाही.

पूर्व काठाला अगदी बारीक अक्षरांत ‘स्थानिकांचं दफनस्थान’. तिथे आज दलदल आहे. नकाशातही दलदलीच्या गवताच्या काड्या काढल्यात. दलदलीत कोण पुरतं माणसं?

नि.ला दाखवलं. “ताण की जरा. रबरासारखं ताणतं सॉफ्टवेअर.” ताणलं. सगळं बसलं. चूक गेली नाही, थोडी थोडी सगळीकडे पसरली, म्हणून दिसत नाही इतकंच.

३ एप्रिल

दरीत जाऊन आलो. नि.ची गाडी, वाटभर पाऊस. कौन्सिलचा क्रेग हॉटेलपाशी भेटला, शॉर्ट्स आणि गमबूट. हॉटेलचं आता कॅफे झालंय. लेटिशिया स्कोन मिळतात, चहाबरोबरचे गोड पाव.

कबर पाहिली. लोखंडी कठडा, प्लास्टिकची फुलं, कोणीतरी ठेवलेल्या चिठ्ठीचा पावसाने लगदा. शेजारी नळ, फुलांना पाणी घालायला. कारपार्क वाढणार ते मागच्या कुरणात. क्रेग हाताने दाखवत होता, इथून तिथपर्यंत, काही अडचण नाही, स्वीट अ‍ॅज.

कुरणाला तारांचं कुंपण. फाटक नाही, पाटी नाही. एका खांबाला दुधाची प्लास्टिकची बाटली तारेने अडकवलेली, पाण्याने भरलेली. मला वाटलं मेंढपाळाची असेल. तेवढ्यात आतून काळा कोट घातलेल्या एक वृद्ध माओरी बाई आल्या, तारांमधून वाकून बाहेर पडल्या, बाटली काढली, हातांवर पाणी घेतलं, थोडं डोक्यावर शिंपडलं, बूच लावून बाटली परत खांबाला.

मी होते तिथेच थांबले. आमच्या गावात मातीला जाऊन आलं की दाराबाहेर बादली ठेवलेली असते. पाणी घेतल्याशिवाय आई कोणाला उंबरा ओलांडू देत नाही. मला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

“किया ओरा. कारपार्कवाल्या का तुम्ही?”

मी म्हटलं, नकाशावाली.

“मग तुमच्याशीच बोलायचंय मला.”

नाव रेवा. म्हटलं, आमच्याकडेही असतं, नदीचं नाव आहे. “छान, म्हणजे विसरणार नाहीस.” हेन्डरसनला राहतात, शाळेत गणित शिकवायच्या. इथे येत राहतात. कुरणात त्यांची आजी आहे, तिच्या आधीचे आहेत, पुष्कळशी लहान मुलं आहेत. त्या उरुपा म्हणाल्या, म्हणजे माओरी दफनभूमी, शब्द मला माहीत होता. कुठपर्यंत, असं विचारलं. “त्या विलोच्या झाडापासून चालत निघायचं. नदी ऐकू यायची थांबली की तिथे संपतं.”

क्रेग मला बाजूला घेऊन म्हणाला, “रेवा येतात अधूनमधून. लव्हली लेडी. पण नोंद काहीच नाही ना. सरकारी मोजणीत नाही. जी एकच नोंद आहे ती पलीकडच्या काठाची, आणि ती तुमच्याच नकाशात.”

परतताना नि. म्हणाला, “पाण्याची बाटली म्हणजे पुरावा? मग भारतात झाडाला दोरा दिसला की रस्ताच करायला नको.” मी काचेबाहेर बघत होते.

५ एप्रिल

टीप लिहिली. तीनदा लिहून छोटी केली. शेवटी: नकाशाचा पूर्व भाग शीर्षकाच्या चौकटीसाठी सरकवलेला आहे. त्यावरची दफनस्थानाची जागा भरवशाची नाही. ते पश्चिम काठावर, हॉटेलमागच्या कुरणात असण्याची दाट शक्यता आहे. खोदण्याआधी तिथल्या लोकांना विचारावं.

नि.ने वाचून चष्मा काढला. “अगं, हे त्यांनी विचारलेलंच नाही. बरं, परिशिष्टात टाकतो.” हसला. वाईट माणूस नाही. इथे आले तेव्हा वर्षभर रेझ्युमे पाठवत होते, त्याच्या शब्दावर घेतलं मला.

१२ एप्रिल

रेवाआंटींकडे हेन्डरसनला. आंटी म्हण म्हणाल्या, इथे सगळे म्हणतात. चहा, बिस्किटं, भिंतीवर शाळेच्या वर्गांचे फोटो. कौन्सिलच्या सभेत त्या बोलल्या होत्या. लोकांनी नीट ऐकून घेतलं, आभार मानले, आणि मग पडद्यावर गाइडबुकचा नकाशा दाखवला. “माझ्या आजीला नदीपार नेऊन ठेवलं त्यांनी. एका खोट्या पोरीला जागा हवी म्हणून.”

मग म्हणाल्या, “आणि तुझी माणसं कुठे आहेत?”

सांगितलं. ओढ्याच्या कडेला जाळतो आम्ही. बाकी गावाचं स्मशान वेगळं, त्याला पत्र्याचं छप्पर आहे, पाटी आहे. आमच्या जागेची सातबाऱ्यावर नोंद नाही, वाट दुसऱ्याच्या शेतातून. आज्याला नेलं त्या सकाळी त्या शेतात मुद्दाम पाणी सोडून ठेवलं होतं. मी सातवीत होते. पप्पांचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात, खांद्यावर आजा. नंतर पप्पा एसटीच्या वर्कशॉपातून सुट्टी टाकून तहसीलला जात राहिले. तिथे एकच विचारायचे, नकाशात दाखवा.

आंटींनी कप खाली ठेवला. मग हसल्या, नाकातून. “म्हणजे तू शिकून नकाशावाल्यांतच गेलीस.”

हो. त्यासाठीच गेले.

“बिस्किट घे.”

१४ एप्रिल

जयंती. हॉल भाड्याने घेतला होता, आपले बरेच लोक, पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, मग जेवण. मला ‘तरुण पिढी’ म्हणून बोलायला उभं केलं. घरातली पहिली पदवीधर वगैरे ओळख. मी म्हणाले, शिकण्याचा उपयोग नोकरीपुरता असेल तर आपल्यासाठी ज्यांनी सोसलं त्यांना काय तोंड दाखवणार. जिथे बसू तिथे खरं लिहिलं पाहिजे. टाळ्या पडल्या. वहिनींनी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पप्पांनी अंगठा पाठवला, मग अजून एक.

६ मे

पाठवलेली फाइल आज सर्व्हरवर पाहिली. टीप नाही. परिशिष्टच नाही. पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव, संघमित्रा, स्पेलिंगसुद्धा बरोबर.

नि.ला विचारलं. “क्लायंटला परिशिष्टं नको होती.”

पण ते महत्त्वाचं होतं.

“मित्रा, ऐक. तुझा व्हिसा या नोकरीवर आहे. रेसिडेन्सीचा अर्ज आत गेलाय. आणि आत्ताच तुला क्लायंटशी भांडायचंय? रेसिडेन्सी येऊ दे, मग कर काय क्रांती करायची ती.” पाठीवर थोपटून गेला.

क्रेगला मेल लिहिली. ड्राफ्टमध्ये आहे.

७ मे

नाही पाठवली.

११ मे

नाही.

१९ मे

आंटींचा मेसेज (टिपेचं मी त्यांना सांगितलं होतं), तुझी टीप पोचली ना? मी लिहिलं, फाइल गेली आहे. हे उत्तर नव्हे, हे मला माहीत आहे. त्यांनी हृदय पाठवलं.

२ जून

थंडी. खोलीतली भिंत ओली होते, बुरशी पुसते रोज. इमिग्रेशनकडून मेल, कंपनीचं ताजं पत्र जोडा. नि.ने त्याच दिवशी करून दिलं. फार चांगलं लिहिलंय माझ्याबद्दल. ‘प्रामाणिक’ असा शब्द आहे त्यात.

ड्राफ्ट उघडला, एक स्वल्पविराम बदलला, मिटला.

१७ जून

जेवणाच्या सुट्टीआधी क्रेगचा फोन, नि.ने स्पीकरवर घेतला. खोदायचं मशीन आज कुरणात लावलं. हाडं निघाली. काम थांबवलंय. क्रेगचा आवाज नेहमीचा नव्हता. “छोटी आहेत,” म्हणत होता. “खूप छोटी आहेत ती.”

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

१८ जून

आंटींना फोन केला. त्या तिथेच होत्या, भावाकडे उतरल्यात. सांगत होत्या, आवाज सपाट. मशीनच्या चालकाने स्वतःच थांबवलं, खाली उतरला, अंगातलं जॅकेट काढून वर पांघरलं आणि पावसात तसाच उभा राहिला, कोणी येईपर्यंत. सामोअन आहे तो, सामोआ बेटांवरचा, त्याला कळलं.

“आणि तुला सांगते, त्या दगडाच्या कबरीला ओरखडा नाही. तिला कठडा आहे ना. मशीन वळसा घालून आमच्या लोकांवरून गेलं.”

 

२४ जून

कौन्सिलची सुनावणी ऑगस्टमध्ये. कारपार्क तिथेच करायचं की नाही ते ठरणार. कौन्सिलचं म्हणणं, हाडं एका कोपऱ्यात सापडली, तेवढा भाग सोडून बाकी करता येईल, कारण दफनस्थानाची नोंद तर पलीकडे आहे. म्हणजे लेअर पुन्हा पुढे येणार, लेअरवर माझं नाव.

कंपनीच्या वकिलाकडून निवेदन आलं, मी सही करायचं. एकच पान. वाक्य असं: ‘नकाशा बसवताना त्याच्या अचूकतेविषयी कोणतीही शंका उपस्थित झाली नव्हती.’

नि.ने किचनमध्ये गाठलं. डोळे सुजलेले. “मलाही झोप नाहीये. पण मागे जाऊन काय बदलणार आहे? त्यांचं म्हणणं मांडायला त्यांचे वकील आहेत. माझी दोन पोरं इथल्या शाळेत आहेत, मित्रा. तू शंका काढली होतीस असं निघालं, तर ती काढून टाकणारा मी. मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता. आपण परदेशात आहोत, आपण एकमेकांना सांभाळायचं नाही तर कोणी?”

‘आपण’ आज पहिल्यांदा ऐकलं त्याच्या तोंडून. एरवी ‘तुम्ही लोक खरंच खूप कष्टाळू असता’ असतं.

“सही नाही केली तर?” मी विचारलं.

“तर मी काहीच करणार नाही. मला करावंच लागणार नाही.” कपात चमचा फिरवत राहिला. साखर घेत नाही तो.

२७ जून

वहिनींना सांगितलं. पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. “टीप काढली तेव्हाच तुझं नावही फाइलवरून... ” मग म्हणाल्या, “काढलं असतं तर बरं झालं असतं.” पुन्हा लाटायला लागल्या. थोड्या वेळाने आत नवऱ्याशी बोलून आल्या: “हे म्हणतात तुझ्या त्या टिपेची कॉपी आहे का तुझ्याकडे.”

आहे. माझ्या मेलमध्ये, पाच एप्रिलची. नि.चं उत्तरही आहे खाली: ‘छान लिहिलंस, बघतो.’

रिया ऐकत होती. “सो जस्ट सेंड इट?” वहिनींनी पोळी उलटली. “लाइक, व्हॉट आर वी वेटिंग फॉर?” वहिनी म्हणाल्या, जा, टेबल मांड.

२९ जून

पप्पांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून, आज्याच्या वाटेपासून. मला वाटत होतं ते काय म्हणणार ते मला माहीत आहे. किती वर्षं त्या तहसीलच्या बाकड्यावर बसला हा माणूस.

पलीकडे त्यांनी पंखा बंद केला. मग: “सही करून टाक बाई.”

पप्पा?

“सही कर. पक्की हो आधी तिथं. मग बोल तुला काय बोलायचं ते. मी बोललो, काय झालं? वाट हाय का? अजून न्हाई. तुझी आई रोज लोकास्नी सांगती, पोरगी न्यूझीलंडला हाय. परत आलीस तर मी काय सांगू?” मग आवाज उतरला. “मला झेपायचं न्हाई आता.”

तेच शब्द. नि.चेच शब्द, पप्पांच्या तोंडून. नि.चा राग आला होता. याचा काय करू.

३० जून

भाषण पुन्हा पाहिलं, वहिनींच्या फोनवर. पांढऱ्या साडीतली मी. अर्ध्यात बंद केलं.

५ जुलै

हेन्डरसन. आंटींना सांगितलं. टीप मी लिहिली होती, ती काढली गेली, मला मेमध्येच कळलं होतं, क्रेगला पाठवायची मेल तयार होती आणि मी ती पाठवली नाही. व्हिसा होता म्हणून. 

चहा केला नव्हता आज. त्या खुर्चीत, मी समोर.

“मेमध्ये.”

हो.

“मशीन जूनमध्ये आलं.”

हो.

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, भिंतीवरच्या, जसं काही गणित मांडलंय तिथे. मग उठून मागच्या दाराने बाहेर गेल्या, दोरीवरचे कपडे काढत बसल्या. ओलेच होते कपडे. मी थोडा वेळ थांबले, मग निघाले. दार ओढून घेतलं. परत येताना कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, पाणी घ्यायला शिरले आणि न घेताच बाहेर आले.

१२ जुलै

फोन नाही. मीही केला नाही. करायचा अधिकार नाही असं वाटतं.

नि. रोज एकदा टेबलापाशी येतो. बघतो आणि जातो. निवेदन पेन्सिलपॉटखाली ठेवलंय, पांढरी कड दिसते.

२१ जुलै

इमिग्रेशनने अजून एक कागद मागितला. म्हणजे फाइल हलतेय. वहिनींनी शिरा केला. मला गिळवेना, रियाने माझ्या ताटलीतला खाल्ला.

२६ जुलै

आंटींचा फोन. नमस्कार नाही, किया ओरा नाही. “शनिवारी परत मातीत ठेवतोय त्यांना. मला खोकला झालाय, अंधारात डोळ्यांनाही नीट दिसत नाही. तुला गाडी चालवता येते ना?”

येते.

“सहाला ये. काळं घाल.” आणि ठेवला.

माफ केलं असं काही नाही त्यात. गाडी हवी होती.

१ ऑगस्ट

वहिनींची गाडी घेतली. आंटी पुढे बसल्या, मांडीवर डबा, सँडविचचा. अर्ध्या वाटेपर्यंत काचेवरची वाफ पुसत होत्या. मग म्हणाल्या, “हीटर कमी कर.” मग, पूल आल्यावर, “मी शाळेत असताना याच कबरीवर निबंध लिहिला होता. लेटिशियाच्या. पहिला नंबर आला माझा.” तेवढंच.

कुरणात खूप माणसं, लहान मुलंसुद्धा, जँडल्स म्हणजे रबरी चपला घातलेली, थंडीत. मला आंटींनी कुंपणापाशी थांबायला सांगितलं, मी थांबले. प्रार्थना ऐकू येत होत्या, शब्द कळत नव्हते. हाडांच्या पेट्या इतक्या लहान होत्या की एकेका माणसाने एकेक कडेवर घेतल्यासारखी धरली होती. तो मशीनवाला आला होता, इस्त्रीचा शर्ट, सर्वांत मागे. क्रेगही आला होता, एकटा, गमबूट नव्हते आज. माझ्याकडे पाहून त्याने मान खाली घातली. मीही.

एक जण विलोपासून चालत निघाला, अगदी सावकाश, मान तिरकी करून. बाकीचे गप्प उभे. कुरणाच्या पार मधोमध आला तेव्हा थांबला आणि पायाने माती दाबली. क्रेगचं कारपार्क त्याच्या अलीकडे पूर्ण मावलं असतं.

निघताना सगळ्यांनी हात धुतले. बाटली कधीच संपली. आंटींनी ती माझ्या हातात दिली. “भरून आण. आणि तूही घे, इथे उभी होतीस.”

पाणी एकाच ठिकाणी. लेटिशियाच्या कबरीशेजारचा नळ. तिथे एक जोडपं उभं होतं, नव्या मालिकेचे टी-शर्ट, फोन काठीला लावलेला. मी वाकून बाटली नळाखाली धरली. बाईंनी गोड आवाजात विचारलं, “एक्सक्यूज मी, खरी कबर हीच ना? इथे पाटी नाहीये नीट.”

कादंबरीतल्या मुलीने काय उत्तर दिलं ते कोणी लिहून ठेवलं नाही. माझं लिहून ठेवते. मी म्हणाले, “ही खोटी आहे. हिच्यात कोणी नाही. खऱ्या त्या कुंपणामागे आहेत, तिकडे आज जाऊ नका, घरचे लोक आहेत.”  ती म्हणाली, “ओह.” नवऱ्याने फोन खाली घेतला. दोघं कुंपणाकडे बघत राहिली, मग त्याने टोपी काढली.

फोन वाजत होता खिशात. नि.चा. माझे हात ओले होते, वाजू दिला. बाटली नेऊन खांबाला अडकवली. बूच आटे गेल्यासारखं, नीट बसत नाही, बाहीवर पाणी आलं.

सोमवारी सुनावणी, दरीतल्याच हॉलमध्ये. आंटींनी येताना एकदाच विचारलं, “कुठे बसणार आहेस तू?” मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. निवेदन पर्समध्ये आहे, सही नाही. टिपेची प्रिंट त्याच्याच घडीत ठेवलीय, दोन्ही दमट झालेत.

पप्पांचा मेसेज आलाय: केलीस का?